साठीपुढचे वाचक, एआय आणि नाशिकची वाचनालये : पार्श्वभूमी

नाशिकमधल्या कुठल्याही वाचनालयात सकाळी डोकावा, वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती बहुतेक जण साठीपुढचे दिसतील. नाशिकरोडची सिक्युरिटी प्रेस आणि करन्सी नोट प्रेस, ओझरचे एचएएल, एकलहऱ्याचे औष्णिक वीज केंद्र इथे उमेदीची वर्षे घालवून निवृत्त झालेली ही मंडळी. प्रत्येकाच्या खिशात स्मार्टफोन आहे आणि त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे एआयही आले आहे. ते वापरायला त्यांना वाचनालयांनी शिकवावे, अशी कल्पना आता मांडली जाते. ती ऐकायला नवी वाटली, तरी तिची मुळे बरीच जुनी आहेत आणि त्यातले एक तर नाशिक जिल्ह्यातच आहे.

मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावी १८६३ साली जन्मलेले गोपाळ पुढे महाराजा सयाजीराव गायकवाड झाले. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यात बोलावले आणि संस्थानभर मोफत वाचनालयांचे जाळे विणायला घेतले. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. पण मला या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी याच ग्रंथालय खात्याने चित्रे, मॅजिक लँटर्नने पडद्यावर पाडलेली चित्रे आणि चलच्चित्रे दाखवणारी वेगळी शाखा काढली. अक्षरओळख नसलेला माणूसही वाचनालयाचाच माणूस आहे, हे तिथे शंभर वर्षांपूर्वी मान्य झाले होते. आज फोनच्या पडद्यासमोर अडलेल्या ज्येष्ठांचा प्रश्न त्याच जातीचा आहे.

नाशिकचे सार्वजनिक वाचनालय तर त्याहून कितीतरी जुने, १८४० चे. राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यातून अनुदान आणि अ, ब, क, ड अशी दर्जावारी आली, आणि छोट्या वस्त्यांतही वाचनालये टिकली. २००९ मध्ये कुसुमाग्रज प्रतिष्ठानने ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू करून पुन्हा पेट्याच बाहेर काढल्या. पुस्तकांची एक पेटी आणि ती सांभाळणारा सोसायटीतलाच कोणी वाचक.

संगणकाचे शिक्षण मात्र वेगळ्या वाटेने गेले. २००१ मध्ये आलेली एमएस-सीआयटी ही संगणक परीक्षा नोकरी शोधणाऱ्या तरुणांनी उचलून धरली. २०१७ मध्ये केंद्राने सुरू केलेल्या ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाची वयोमर्यादा १४ ते ६० होती. म्हणजे शहरातला निवृत्त माणूस दोन्ही अर्थांनी बाहेर. शिकवणी थांबली, तरी गरज थांबली नाही. हयातीचा दाखला २०१४ पासून ऑनलाइन झाला, २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, २०१७ मध्ये गुगलला बोललेले मराठी कळू लागले. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रश्नांना उत्तरे देणारे चॅटजीपीटी आले आणि २०२४ मध्ये भारतातल्या व्हॉट्सॲपमध्येच मेटा एआय दिसू लागले. न मागता, न शिकता ते हातात येऊन पडले.

यातली बोलण्याची सोय ज्येष्ठांसाठी फार मोठी आहे. बारीक कळफलक नको, इंग्रजी नको. माइकचे चिन्ह दाबायचे आणि मराठीत विचारायचे. एका वाचनालयात मी पाहिलेला प्रसंग सांगतो. एका काकांनी फोनला विचारले, “सयाजीराव महाराजांचं जन्मगाव कोणतं?” उत्तर आले, बडोदा. तेही अगदी ठामपणे. ग्रंथपाल बाई उठल्या, कपाटातून महाराजांचे चरित्र काढले, पान उघडून काकांपुढे ठेवले: कवळाणे. मग म्हणाल्या, “आता त्यालाच विचारा, हे कशावरून सांगितलंस?” काकांनी विचारले. फोनने लगेच माफी मागून उत्तर बदलले. एआय पुढचा शब्द अंदाजाने जुळवत जाते, त्यामुळे चुकीचे वाक्यही तितक्याच सफाईने येते, हे काकांना भाषणाविना समजले. नातू फोन चालवायला शिकवतो, मोबाइलच्या दुकानातला मुलगा ॲप टाकून देतो. पण उत्तर ताडून पाहायला कपाट आणि ते उघडून देणारे माणूस फक्त वाचनालयात असते. संदर्भ विभागाचे कामच मुळी ते आहे.

शिकवायचे काय, हेही यातूनच ठरते. सरकारी पत्र सोप्या मराठीत समजून घेणे, अर्जाचा मसुदा करून घेणे, बारीक टाइपातला मजकूर मोठ्याने वाचून घेणे. आणि त्याच बैठकीत, आधार क्रमांक, पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरी आदेश) क्रमांक, ओटीपी यातले काहीही एआयला द्यायचे नाही. ओळखीच्या आवाजाची नक्कल करून पैसे मागितले जातात, ‘डिजिटल अटक’ अशी काही गोष्ट कायद्यात नाही, आणि फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तत्काळ फोन करायचा. सिंगापूरने २०२० पासून अशा मदतीची केंद्रे सार्वजनिक वाचनालयांतही ठेवली. तिथे ज्येष्ठांना शेजारी बसवून शिकवतात.

आपल्याकडे अडचण माणसांची आहे. लहान वाचनालयातल्या कर्मचाऱ्याचे मानधन तुटपुंजे, त्यात पुस्तकांची देवघेव, नोंदी, झाडलोट सगळे त्याच्याच गळ्यात. म्हणून पेटी सांभाळणाऱ्या वाचकांसारखे स्वयंसेवक, ज्येष्ठ नागरिक संघांचे सभासद आणि महाविद्यालयीन मुले यांना सोबत घ्यावे लागेल. वाचनालयाचा दर्जा ठरवताना ग्रंथसंख्या, नियतकालिके, सभासद पाहिले जातात. ज्येष्ठांना एआय शिकवण्यासाठी आठवड्यातून एकदा दिलेला तासही त्यात धरला जावा, अशी मागणी जिल्ह्यातल्या वाचनालयांनी एकत्र येऊन करायला हवी.