अर्धा वाटा आणि चवथीचा दिवस : गोव्यातील घटस्फोटाची पार्श्वभूमी

गोव्यात घटस्फोटाचा दावा न्यायालयात जातो तेव्हा त्याला आधार १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचा नसतो, कारण तो कायदा इथे लागूच झालेला नाही. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, पुढच्या वर्षी संसदेने इथले प्रचलित कायदे चालू ठेवले, आणि विवाहाच्या बाबतीत पोर्तुगीज काळातल्या तरतुदी आजही चालतात.

१८७० पासून गोव्यात अमलात आलेल्या १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत घटस्फोट नव्हता. नवरा-बायकोला वेगळे राहता येई, मालमत्ताही वेगळी करून घेता येई. पुनर्विवाह मात्र नाही. त्यातही बायकोचा व्यभिचार एवढे एकच कारण पुरेसे होते, तर नवऱ्याच्या बाबतीत उघड बोभाटा किंवा दुसऱ्या बाईला घरातच आणून ठेवणे अशी काही जोड लागे. हिंदूंच्या रूढींसाठी १८८० मध्ये वेगळा हुकूम निघाला. पत्नीला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूल किंवा तिसाव्या वर्षापर्यंत मुलगा झाला नाही, तर काही अटींवर नवऱ्याला दुसरे लग्न करण्याची सवलत त्यात होती. मूल नसल्याचा दोष किती सहजपणे बाईच्या पदरात टाकला जात होता, हे त्या कलमात वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होते.

५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालमधली राजेशाही गेली आणि महिना भरायच्या आत, ३ नोव्हेंबरला, नव्या प्रजासत्ताकाने घटस्फोटाचा कायदा केला, जो पुढे गोव्यातही आला. दोघांपैकी कोणाचाही व्यभिचार, छळ, तीन वर्षांचा परित्याग, जुगाराचे व्यसन, दहा वर्षे वेगळे राहणे अशी कारणे त्यात मोजून दिली होती. शिवाय परस्पर संमतीची वाटही होती, जी हिंदू विवाह कायद्यात १९७६ मध्ये आली. चर्चमध्ये लग्न करणाऱ्या कॅथलिकांसाठी मात्र १९४० च्या पोर्तुगाल-व्हॅटिकन करारानंतर निराळी व्यवस्था झाली.

कायद्याची ही यादी साक्षीदार उभा करता येईल अशाच गोष्टींची आहे. नवरा वर्षातले कित्येक महिने जहाजावर किंवा आखातात, बायको सासरच्या माणसांत एकटी, पैशांचा हिशेब तिसऱ्याच्या हाती, संध्याकाळची दारू, नोकरी करणाऱ्या सुनेकडून जुन्याच अपेक्षा : यांतून नाते कसे झिजत जाते, ते कोणत्याही कलमात मावत नाही. गोव्यातला आणखी एक प्रसंग बाहेरच्यांना सांगूनही पटत नाही. रजिस्ट्रारपुढे पहिली सही लग्नाच्या इराद्याची; दुसरी सही झाली की कायद्याने लग्न झाले. मांडव पडायच्या आधीच सोयरीक फिसकटली, तरी त्या मुला-मुलीला न्यायालयाची पायरी चढावी लागते.

वेगळा करार केलेला नसेल, तर इथे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते आणि घटस्फोटात प्रत्येकाला निम्मी मिळते. बायकोच्या दृष्टीने ही मोठी सुरक्षितता आहे, यात मला शंका नाही. पण फोंड्याकडच्या एखाद्या वाड्यात चार भावांचे सामाईक घर असते, त्याच्या खरेदीखतावर चारही भावजयांच्या सह्या लागतात. तिथे घटस्फोटितेचा वाटा इन्व्हेंटरीच्या, म्हणजे न्यायालयातून होणाऱ्या मालमत्तेच्या वाटणीच्या, कागदांत अडकतो आणि ती वर्षानुवर्षे भाड्याच्या खोलीत राहते. मुलांचा वारसाहक्क आई-बाप वेगळे झाल्याने जात नाही, कारण पालकांच्या मालमत्तेचा निम्मा भाग कायद्याने त्यांच्यासाठी राखून ठेवलेला असतो. तरीही मुलाचे त्या वेळचे दुःख वारशाचे नसते.

१९१० च्या कायद्याने मूल शक्यतो निर्दोष ठरलेल्या जोडीदाराकडे द्यावे असे म्हटले होते, जणू ताबा हे बक्षीस होते. आज न्यायालये मुलाचे हित सर्वांत वर ठेवतात, आणि हा बदल मोठा आहे. पण आई-बाप एकमेकांना दोषी ठरवण्यात दोन-तीन वर्षे घालवतात, तोवर मूल दोघांचे ऐकत, दोघांपासून काही ना काही लपवत वाढते. आदेशात शनिवार-रविवार नमूद असतो. चवथीचा गणपती मात्र बापाच्या मूळ घरी बसतो. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीला, फळे बांधताना नारळ कोणी धरायचा, हे त्या घरात ठरलेले असते, आणि गेल्या वर्षीपर्यंत तो धरणारा आठ वर्षांचा मुलगा त्या सकाळी आजोळच्या पडवीत बसून आईला विचारतो, की यंदा नारळ कोण धरतोय.