तागावरचा ठिपकेदार पतंग: नाव तेच, कुळ बदलले

खान्देशात केळी लावण्याआधी रानात ताग पेरतात आणि फुलोऱ्यावर आला की गाडतात. बियाण्यासाठी राखलेल्या तागाच्या शेंगा पोखरणारे सुरवंट शेतकरी ओळखतात. त्यांचाच पुढे पतंग होतो: पांढऱ्या पंखांवर लाल-काळे ठिपके असलेला, दिवसाही बांधावर उडणारा. शास्त्रीय नाव युटेथेसा पल्चेला. तो टायगर मॉथ गटातला आहे.

१७५८ मध्ये स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 'सिस्टेमा नॅचुरे' या वर्गीकरणाच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत त्याला 'पल्चेला' हे नाव दिले, पण बसवले मात्र 'टिनिया' या छोट्या पतंगांच्या गटात. बसताना हा पतंग पंख अंगाभोवती गुंडाळून घेतो. त्या काळी वर्गीकरण अशाच बाह्य खुणांवर चाले. हुब्नरने १८१९ मध्ये युटेथेसा ही प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) उभी केली.

खरा गुंता जुळ्या दिसणाऱ्या जातींचा. क्रेमरने १७७७ मध्ये 'लोट्रिक्स' आणि हॅम्पसनने १९०७ मध्ये 'पल्चेलॉइड्स' वेगळी नोंदवली. ठिपके एकाच जातीत इतके बदलतात की त्यांवर भरवसा ठेवता येत नाही. कीटकशास्त्रज्ञ कार्ल जॉर्डन यांनी १९३९ मध्ये जुन्या जगातल्या (म्हणजे अमेरिकेबाहेरच्या) युटेथेसांतले कोणते फरक स्थिर आणि कोणते बदलते हे तपासले. हे काम मला या इतिहासातले सर्वांत मोलाचे वाटते. आजही शंका आली की नराची जननेंद्रियेच तपासावी लागतात.

कुळाचे म्हणाल तर टायगर मॉथ शतकाहून अधिक काळ 'आर्क्टिडी' या स्वतंत्र कुळात होते. सुरवंटांच्या दाट केसांमुळे आणि छातीवरच्या आवाज काढणाऱ्या अवयवामुळे हा गट वेगळा उठून दिसे. पण २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासाने तो 'एरेबिडी' या मोठ्या कुळाच्या आतच बसतो असे दाखवले. आता तो 'आर्क्टिनी' हे उपकुळ आहे.

त्यामुळे जळगाव-धुळ्याच्या जुन्या यादीत 'आर्क्टिडी' दिसले तर तेवढे कुळ बदलून घ्यावे, मूळ नोंद खोडू नये. जातीबाबत मात्र सावध राहायला हवे. भारतात पल्चेला आणि लोट्रिक्स दोन्ही आढळतात, म्हणून तागावरच्या नुसत्या फोटोवरून नोंद करताना 'युटेथेसा' एवढेच लिहावे आणि सुरवंट कोणत्या झाडावर होता तेही टिपावे.