उच्च शिक्षणातील अध्यापन-तंत्रज्ञान

महाविद्यालयीन व विद्यापीठीय पातळीवर शिकवणे, शिकणे आणि मूल्यमापन यांसाठी संगणक, इंटरनेट व ध्वनिचित्रमुद्रण यांचा विचारपूर्वक केलेला वापर. अभ्यासक्रमाचे ऑनलाइन संकेतस्थळ चालवणारी शिक्षण व्यवस्थापन प्रणाली (एलएमएस), ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने, वर्गात घेतलेले मतदान, स्वयंचलित चाचण्या, चर्चापटल, आभासी प्रयोगशाळा असे बरेच काही यात मोडते. फळ्याच्या जागी स्लाइड आल्या, तरी हाच शब्द वापरला जातो. मात्र विद्यार्थी वर्गात पूर्वीसारखाच नुसता ऐकत बसत असेल, तर साधन बदलून त्याच्या शिकण्यात फारसे काही बदलत नाही.

हा मुद्दा शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये ठामपणे मांडला. माध्यम हे केवळ वाहन आहे. किराणा आणणाऱ्या ट्रकमुळे जसा आपल्या पोषणात फरक पडत नाही, तसा माध्यमामुळे शिकण्यात पडत नाही, असे ते म्हणाले. रॉबर्ट कोझ्मा यांनी त्याला विरोध केला. काही माध्यमांमुळे विद्यार्थ्याला अशा कृती करता येतात, ज्या एरवी शक्यच नसतात, असे त्यांचे म्हणणे होते. उदा., आलेखातील एक राशी बदलून परिणाम तत्क्षणी पाहणे. व्यवहारात दोघांचेही म्हणणे उपयोगी पडते. साधन निवडताना पहिला प्रश्न असा हवा, की याने विद्यार्थ्याला नेमके काय करावे लागेल?

पूर्वपीठिका

सिडनी प्रेसी यांनी १९२० च्या दशकात बहुपर्यायी प्रश्न विचारणारे यंत्र बनवले, तर बी. एफ. स्किनर यांनी १९५० च्या दशकात अध्यापन-यंत्रे. इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये डोनाल्ड बिट्झर यांच्या पुढाकाराने ‘प्लेटो’ ही संगणकीय शिक्षणप्रणाली सुरू झाली. प्लाझ्मा पडद्याचा शोधही तिच्याच गरजेतून लागला. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९७१ पासून छापील पाठ, दूरचित्रवाणी आणि आकाशवाणी यांची सांगड घालून दूरशिक्षण दिले. मार्टिन डुगियामास यांची ‘मूडल’ ही मुक्तस्रोत शिक्षण व्यवस्थापन प्रणाली २००२ मध्ये आली. स्टॅनफर्डचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा खुला अभ्यासक्रम (२०११) दीड लाखाहून अधिक लोकांनी नोंदवला, पण तो पूर्ण करणारे त्यांतले थोडेच होते. अशा महाअभ्यासक्रमांची ही अडचण अजून सुटलेली नाही.

वर्गातील मतदान

तंत्रज्ञान सर्वांत स्वस्तात जिथे फळ देते, ती ही जागा. हार्वर्डचे भौतिकीचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१ पासून वापरात आणलेली सहाध्यायी-अध्यापन पद्धत अशी चालते : सात ते दहा मिनिटे विवेचन, मग एका संकल्पनेवर एक बहुपर्यायी प्रश्न, एक-दोन मिनिटे स्वतंत्र विचार करून मोबाइलवर किंवा क्लिकरवर (मत नोंदवण्याचे हातातले छोटे यंत्र) मत, नंतर दोन ते चार मिनिटे शेजाऱ्याशी चर्चा, पुन्हा मत, शेवटी उलगडा. पहिल्या फेरीत बरोबर उत्तरे ३० टक्क्यांहून कमी आली, तर चर्चा घेऊ नये, कारण समजलेलेच कोणी नसते. विषय पुन्हा शिकवावा. ७० टक्क्यांहून जास्त आली, तर थोडक्यात खुलासा करून पुढे जावे. चर्चेचा खरा लाभ या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात होतो.

चुका ठरावीक आहेत. पहिल्या मतदानाचा आलेख लगेच दाखवला, की विद्यार्थी युक्तिवाद सोडून बहुमताकडे झुकतात. म्हणून तो दुसऱ्या फेरीनंतरच दाखवावा. बरोबर उत्तराला जास्त गुण ठेवले, तर जोडीतला हुशार विद्यार्थी बोलतो आणि दुसरा त्याचे उत्तर उचलतो. गुण द्यायचेच असतील, तर सहभागाचे द्यावेत. व्याख्या आठवायला लावणारा प्रश्न येथे वाया जातो. चुकीचे पर्याय मनाने रचण्यापेक्षा मागील वर्षांच्या उत्तरपत्रिकांत विद्यार्थ्यांनी केलेल्या चुकांतून घ्यावेत, म्हणजे ते खरे वाटतात. विज्ञान, अभियांत्रिकी व गणिताच्या पदवी वर्गांवरील २२५ अभ्यासांच्या २०१४ च्या संकलनात निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी ३३.८ टक्के, तर सक्रिय अध्ययनाच्या वर्गांत २१.८ टक्के विद्यार्थी नापास झाल्याचे आढळले.

ध्वनिचित्रमुद्रित पाठ आणि उलटा वर्ग

तासभराचे व्याख्यान जसेच्या तसे ध्वनिचित्रमुद्रित करणे उजळणीपुरते ठीक आहे. प्रथम शिकण्यासाठी ते तोकडे पडते. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरील चार अभ्यासक्रमांतील सुमारे ६९ लाख पाहणी-सत्रांच्या विश्लेषणात (२०१४) व्हिडिओ कितीही लांब असला, तरी तो पाहिला जाण्याच्या वेळेचा मध्यक सहा मिनिटांच्या आतच राहिला. म्हणून एका संकल्पनेला एक, पाच-सहा मिनिटांचा तुकडा करावा. चित्र साधे असले तरी चालते, आवाज खराब असला तर चालत नाही. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर असावा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला नव्हे. सेकंदाला १ मेगाबिट दराने केलेला व्हिडिओ मिनिटाला साडेसात मेगाबाइट, म्हणजे दहा मिनिटांना ७५ मेगाबाइट खातो. तेच ६४ किलोबिट दराचे ध्वनिमुद्रण पाच मेगाबाइटच्या आत बसते. इंटरनेट तुटपुंजे असलेल्या विद्यार्थ्यांसाठी ध्वनिफीत आणि टिपणांची फाइल वेगळी ठेवणे म्हणूनच आवश्यक ठरते.

घरी पाठ पाहून यायचे आणि वर्गात गणिते सोडवायची, हा उलटा वर्ग फसतो तो बहुधा एकाच कारणाने. काही जण पाहून येत नाहीत, म्हणून शिक्षक तोच पाठ वर्गात पुन्हा सांगतात. दोन आठवड्यांत पाहून येणारेही पाहणे बंद करतात. त्यावर उपाय म्हणजे वर्गाच्या आदल्या रात्री संपणारी तीन-चार प्रश्नांची चाचणी, तिच्यात ‘काय समजले नाही?’ हा एक खुला प्रश्न, आणि वर्गाची सुरुवात त्या उत्तरांवरून.

चाचण्या व गुण

रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवले. पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने स्वतःला तपासणारे पुढे होते. दर आठवड्याची छोटी चाचणी त्यासाठीच घ्यावी : पाच ते आठ प्रश्न, दोन प्रयत्न, किरकोळ गुण. दुसऱ्या प्रयत्नाला तेच प्रश्न येऊ नयेत म्हणून प्रश्नपेढीत विचारायच्या प्रश्नांच्या किमान तिप्पट प्रश्न असावेत. मोठ्या परीक्षेत सर्वांनी एकाच क्षणी ‘सुरू करा’ दाबले, की सर्व्हर कोलमडतो. सुरुवातीला १५ मिनिटांची मुभा द्यावी व उत्तरे आपोआप साठत आहेत ना, हे आधी पाहावे.

चाचणीनंतर प्रश्नही तपासावे लागतात. शंभर विद्यार्थ्यांत एकूण गुणांनुसार वरचे २७ आणि खालचे २७ घ्यावेत. वरच्या गटात २२ आणि खालच्या गटात ९ जणांनी बरोबर उत्तर दिले, तर भेददर्शकता, म्हणजे प्रश्न या दोन गटांत किती फरक दाखवतो त्याचे माप, (२२ – ९) ÷ २७, म्हणजे सुमारे ०.४८ येते, ती चांगली आहे. ०.२ च्या खालचा प्रश्न संशयास्पद मानावा. आकडा ऋण आला, तर बहुधा उत्तरसूचीच चुकलेली असते किंवा दोन पर्याय बरोबर असतात.

गुणपत्रकातली सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे रिकामी घरे. पाचपैकी एकच चाचणी देऊन त्यात दहापैकी नऊ मिळवणाऱ्याला, न दिलेल्या चाचण्या वगळल्यास ९० टक्के दिसतात. त्या शून्य धरल्यास १८. विद्यार्थी सत्रभर पहिला आकडा पाहून निर्धास्त राहतो आणि निकालाच्या दिवशी हादरतो. प्रत्येक चाचणीची मुदत संपताच रिकाम्या जागी शून्य भरणे हाच त्यावर इलाज. चाचणी न देण्यास सवलत मिळालेल्यांची नावे तेवढी आधी वगळावीत.

सुगम्यता व इतर बाबी

वेब सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार (मध्यम पातळी) साध्या मजकुराचे पार्श्वभूमीशी रंगविरोधाचे (कॉन्ट्रास्ट) गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे. छायाचित्र काढून पीडीएफ केलेली टिपणे दृष्टिहीनांना मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या पडदावाचक सॉफ्टवेअरला वाचता येत नाहीत. संगणकाकडून अक्षरओळख (ओसीआर) करून मगच ती चढवावीत. यंत्राने केलेली उपशीर्षके पारिभाषिक शब्दांवर हमखास अडखळतात, त्यामुळे ती माणसाने वाचून दुरुस्त करणे भाग असते.

प्रणालीतील क्लिकांची संख्या म्हणजे शिकणे नव्हे. दोन आठवडे न फिरकलेल्या विद्यार्थ्याला वेळीच निरोप धाडण्यापुरती ती उपयोगी पडते. चॅटजीपीटी (नोव्हेंबर २०२२) आल्यापासून घरी लिहिलेल्या निबंधाचे मूल्यमापन अवघड झाले आहे. यंत्रलिखित मजकूर ओळखणारी साधने निर्दोष विद्यार्थ्यांवरही ठपका ठेवतात, म्हणून त्यांचा निष्कर्ष एकमेव पुरावा धरू नये. कच्चे मसुदे मागणे आणि पाच मिनिटे तोंडी विचारणे अधिक खात्रीचे असते.

नव्या सत्रासाठी जुन्या अभ्यासक्रमाची प्रत काढली, की तारखा मागच्याच राहतात, काही दुवे मेलेले असतात आणि जुन्या सूचना नव्या विद्यार्थ्यांना दिसतात. प्रत तयार झाल्यावर ‘विद्यार्थी’ भूमिकेत जाऊन पहिल्या दोन आठवड्यांचा प्रत्येक दुवा उघडून पाहावा. शिक्षकाच्या खात्यातून लपवलेल्या गोष्टीही दिसतात, त्यामुळे तिथून केलेली तपासणी उपयोगाची नसते.