गोंगाट सोसत नाही, म्हणजे संगीताची आवड नाही?

‘ज्याला आवाजाचा त्रास होतो, त्याला गाण्याचा कान नसतो,’ असं काही जण म्हणतात. दोन्हीकडे आवाजच असल्यामुळे ते पटतंही. पण त्रास केवळ आवाजाच्या पातळीवर ठरत नाही. आवाज आपण लावलाय की लादला गेलाय, तो बंद करणं आपल्या हातात आहे का, पुढे काय येणार याचा अंदाज आहे का, यावर बरंच अवलंबून असतं. गाण्यात सम (तालाची पहिली मात्रा) कुठे येणार हे मनाला आधीच कळतं. ड्रिलच्या घरघरीत तसा आधार नसतो.

पडताळून पाहा. मोबाइलवरच्या डेसिबल-मापकाने व्हॅक्यूम क्लीनरचा आवाज मोजा, मग आवडतं गाणं तेवढ्याच पातळीवर लावा. आता तेच गाणं, तुम्ही वाचत बसलेले असताना, न विचारता दुसऱ्या कुणाला लावायला सांगा. डेसिबल तेच, गाणंही तेच, तरी चिडचिड होऊ शकते. माझ्या मते हा दुसरा प्रयोग जास्त बोलका आहे.

उलट समजही तितकाच कच्चा: आवाजाने वैतागणाऱ्याचे कान जास्त तीक्ष्ण असतातच असं नाही. श्रवणचाचणीत सर्वांत मंद ऐकू येणारा आवाज मोजतात, वैताग नव्हे. मात्र रोजच्या साध्या आवाजांनी कान दुखत असतील, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावं.