सोरॉरिटीत प्रवेश: पात्रता, कागदपत्रं आणि ग्रीक अक्षरं अंगावर घालण्याचे नियम

माझी भाची पदवीच्या शिक्षणासाठी अमेरिकेत आली तेव्हा तिच्या बॅगेत पुण्याच्या फॅशन स्ट्रीटवर घेतलेला एक टी-शर्ट होता. एक्स्पोर्टच्या ढिगातला, छातीवर तीन ठसठशीत ग्रीक अक्षरं. पहिल्याच आठवड्यात मेसच्या रांगेत दोन मुली आनंदाने पुढे आल्या आणि म्हणाल्या, "तू कुठल्या चॅप्टरची?" हिने सांगितलं, रस्त्यावरून घेतलाय. त्या रागावल्या नाहीत, पण त्यांचे चेहरे पडले. रात्री फोनवर ती रडत होती, "मावशी, माझं चुकलं काय?" तेव्हा तिला जे समजावलं तेच इथे नीट मांडते.

ती अक्षरं हे सोरॉरिटीचं, म्हणजे विद्यार्थिनींच्या संघटनेचं नाव असतं, आणि तिच्या एकेका कॉलेजातल्या शाखेला चॅप्टर म्हणतात. सभासदत्व कॉलेजपुरतं नसून आयुष्यभराचं असतं. आपल्याकडे तुळशीची माळ छान दिसते म्हणून कुणी गळ्यात घालत नाही, माळ घातली की नियम पाळावे लागतात. या अक्षरांचंही तसंच आहे.

आधी छत्र ओळखा

सोरॉरिटी वेगवेगळ्या छत्रसंघटनांखाली येतात, आणि सगळ्यांची प्रवेशपद्धत एक नाही. नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स, म्हणजे एनपीसी, १९०२ सालची. तिच्यात २६ संघटना आहेत. जवळजवळ त्याच नावाची नॅशनल पॅन-हेलेनिक काउन्सिल, म्हणजे एनपीएचसी, १९३० मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात स्थापन झाली. ती कृष्णवर्णीयांच्या नऊ संघटनांची. गोऱ्यांच्या संघटनांची दारं बंद होती, त्या काळात त्यांनी आपल्या संघटना उभ्या केल्या. त्यांतल्या चार महिलांच्या: अल्फा कप्पा अल्फा (१९०८), डेल्टा सिग्मा थीटा (१९१३), झीटा फाय बीटा (१९२०) आणि सिग्मा गॅमा ऱ्हो (१९२२). कमला हॅरिस हॉवर्डमध्ये शिकताना १९८६ साली अल्फा कप्पा अल्फाच्या सभासद झाल्या.

आपल्या मुलींना जवळचा वाटावा असा तिसरा गट दक्षिण आशियाई सोरॉरिटींचा. कप्पा फाय गॅमा (ऑस्टिन), डेल्टा फाय ओमेगा (ह्यूस्टन) आणि सिग्मा सिग्मा ऱ्हो (न्यूयॉर्क) या तिन्ही १९९८ च्या. त्यांची दारं सर्व वंशांच्या मुलींना खुली आहेत.

पात्रता आणि कागदपत्रं

एनपीसीचे कॉलेजातले चॅप्टर मुख्यतः पूर्णवेळ पदवी शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी असतात. एमएस करायला आलेल्या मराठी मुलींनी हे आधीच लक्षात घ्यावं. उलट एनपीएचसीच्या सोरॉरिटींना पदवीधर स्त्रियांचे स्वतंत्र चॅप्टर आहेत. एनपीसीच्या एका संघटनेत दीक्षा, म्हणजे सभासद करून घेण्याचा विधी झाला की तिच्या दुसऱ्या संघटनेत कधीच जाता येत नाही.

अर्जाला विद्यार्थी क्रमांक, गुणपत्रक, फोटो, शाळा-कॉलेजातल्या उपक्रमांची यादी आणि नोंदणी शुल्क लागतं. जीपीएची, म्हणजे सरासरी गुणांकाची अट प्रत्येक संघटना स्वतः ठरवते. बारावीचे टक्के मनाने जीपीएत बदलू नका, या संघटनांचं काम पाहणाऱ्या विद्यापीठाच्या ग्रीक लाइफ कार्यालयात विचारा. एनपीएचसीकडे बहुधा कॉलेजातले काही क्रेडिट पूर्ण झालेले लागतात, शिवाय समाजसेवेचा पुरावा आणि शिफारसपत्रंही. वर्गणी, कपडे आणि चॅप्टरच्या घरात राहिल्यास त्याचं भाडं असा खर्च दर वर्षी असतो. एकूण आकडा लेखी मागा आणि मगच आईबाबांशी बोला.

प्रक्रिया

एनपीसीची मुख्य रिक्रूटमेंट, म्हणजे सभासद निवडण्याची प्रक्रिया, बऱ्याच ठिकाणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, काही ठिकाणी जानेवारीत असते. ऑनलाइन नोंदणीनंतर भेटींच्या फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत मुली आणि चॅप्टर दोघेही पसंती कळवतात, आणि यादी लहान होत जाते. शेवटची फेरी प्रेफरन्सची. ती संपली की थकलेल्या मुलीपुढे एक करार येतो, आणि सगळ्यात जास्त लक्ष तिथेच हवं. करारात तुम्ही ज्या चॅप्टरांची नावं लिहाल, त्यांपैकी एकाने बिड, म्हणजे निमंत्रण दिलं आणि तुम्ही ते नाकारलं, तर त्या कॅम्पसवर पुढच्या मुख्य रिक्रूटमेंटपर्यंत एनपीसीच्या दुसऱ्या संघटनेत जाता येत नाही. म्हणून मनापासून नको असलेलं नाव भिडेखातर लिहू नका. एकच नाव लिहिण्याची मुभा असते, पण त्यात रिकाम्या हाती राहण्याचा धोका असतो.

एनपीएचसीत फेऱ्या नसतात. माहितीसभेची सूचना लावली जाते, नीटनेटक्या कपड्यांत वेळेवर जायचं, मग अर्ज आणि मुलाखत. आपली इच्छा गावभर सांगत फिरणं तिथे अशोभनीय मानतात.

कुठेही रॅगिंगचा वास आला तर बाहेर पडा. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत याविषयी केंद्रीय कायदा झाला. त्यानुसार कॉलेजांना अशा प्रकारांची माहिती जाहीर करावी लागते. अर्ज करण्याआधी ती वाचाच.

अक्षरं कधी, कशी

बिड मिळाली म्हणजे सगळं मिळालं असं नाही. काही संघटना नव्या मुलींना अक्षरांचा शर्ट लगेच घालू देतात, काही दीक्षेपर्यंत थांबवतात. मानचिन्ह आणि बॅज मात्र दीक्षेनंतरच. एनपीएचसीत तर दीक्षेआधी अक्षरं, हाताची खूण, आरोळी काहीच वापरायचं नाही. बाहेरच्या माणसाने ती गंमत म्हणून करणं हा अपमान समजला जातो.

बॅज डाव्या बाजूला, हृदयावर लावतात, तोही नीटनेटक्या पोशाखावर. हुडी किंवा जिमच्या कपड्यांवर तो लावत नाहीत. अक्षरं घालून दारू प्यायची नाही, हा नियम बहुतेक ठिकाणी कडक आहे. रिक्रूटमेंटमध्ये मार्गदर्शक म्हणून नेमलेल्या मुली काही ठिकाणी तेवढा काळ आपली अक्षरं लपवतात, म्हणजे नव्या मुलींवर दडपण येत नाही. मला हा रिवाज फार आवडतो. सभासदत्व सोडलं तर बॅज परत द्यावा लागतो. कपडे परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्या, कारण ही नावं आणि चिन्हं नोंदणीकृत आहेत.

घरच्यांना मात्र मुभा असते. अक्षरांखाली 'मॉम' किंवा 'डॅड' लिहिलेले शर्ट मिळतात, ते आईवडिलांनी खुशाल घालावेत. भाची दुसऱ्या वर्षी एका सोरॉरिटीत गेली. तिने पाठवलेला 'मॉम'चा शर्ट घालून माझी बहीण रोज सकाळी सारसबागेत फिरायला जाते, आणि कुणी विचारलं की थांबून तिन्ही अक्षरं वाचून दाखवते.