साकुराबाची नव्वद मिनिटं आणि त्यामागची पन्नास वर्षं

१ मे २००० रोजी टोकियो डोममध्ये जपानचा काझुशी साकुराबा आणि ब्राझीलचा रॉयस ग्रेसी नव्वद मिनिटं लढले. पंधरा मिनिटांच्या सहा फेऱ्या झाल्या. सातव्या फेरीसाठी रॉयस उठू शकला नाही आणि त्याचा मोठा भाऊ रोरियन याने टॉवेल टाकला, म्हणजे त्याच्या वतीने हार मानली. एमएमएच्या, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्तीचे पेच सगळं चालणाऱ्या मिश्र लढतींच्या इतिहासात ही लढत तिच्या लांबीसाठी सांगितली जाते. मला मात्र त्या रात्री तिथे हजर असलेल्या एका म्हाताऱ्या माणसापासून सुरुवात करावीशी वाटते. रॉयसचे वडील एलिओ ग्रेसी तेव्हा ८६ वर्षांचे होते, आणि जपानी मल्लाकडून होणारा घराण्याचा पराभव त्यांनी आधी स्वतःच्या अंगावर सोसलेला होता.

ग्रेसी घराण्याची विद्या, ब्राझिलियन जिउ-जित्सू, मुळात जपानचीच. मित्सुयो माएदा हा ज्युदोपटू १९१४ मध्ये ब्राझीलला पोचला, पुढे बेलेम शहरात राहिला आणि तिथे त्याने कार्लोस ग्रेसी या तरुणाला शिकवलं. कार्लोसकडून ती विद्या भावांकडे गेली. धाकटा एलिओ अंगाने किरकोळ होता, म्हणून त्याने जमिनीवरच्या डावांवर, म्हणजे पाठीवर पडूनही लढता येईल अशा पेचांवर भर दिला. २३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये त्याची गाठ मासाहिको किमुराशी पडली. किमुरा म्हणजे जपानच्या ज्युदोतला त्या काळचा अजिंक्य गडी. त्याने एलिओला खाली दाबलं, मनगट धरून हात पाठीमागे पिरगाळला. एलिओने हार मानल्याची थाप मारली नाही. हात मोडला, तरीही मारली नाही. शेवटी कार्लोसने मध्ये पडून लढत थांबवली. या पेचाला ब्राझीलमध्ये आजही किमुरा म्हणतात. ज्याने हात मोडला त्याचंच नाव ग्रेसींनी डावाला दिलं. वैऱ्याचा असा मान ठेवणारं घराणं मला मोठं वाटतं, त्यांच्याविषयीच्या बाकी सगळ्या तक्रारींसकट.

इकडे जपानमध्ये किमुराचं पुढे काय झालं, ते वाईट आहे. पैशांसाठी तो प्रोरेसलिंगमध्ये आला, म्हणजे ज्याला आपल्याकडे नुरा कुस्ती म्हणतात त्या ठरवून केलेल्या लढतींच्या धंद्यात. २२ डिसेंबर १९५४ रोजी रिकिदोझान या दुसऱ्या प्रोरेसलरशी त्याची लढत बरोबरीत सुटायचं ठरलं होतं. रिकिदोझानने ठराव मोडला आणि किमुराला खरोखर झोडपलं. जपानी प्रोरेसलिंग उभं राहिलं ते या दिवसावर, आणि तेव्हापासून एक प्रश्न त्याच्या मानगुटीवर बसला तो कायमचा: हे लोक खरंच लढू शकतात का?

रिकिदोझानचा चेला अँटोनियो इनोकी आयुष्यभर याच प्रश्नाचं उत्तर देत फिरला. १९७६ च्या जूनमध्ये तो मुहम्मद अलीशी लढला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कराचीत अक्रम पहिलवानाशी. अक्रम हा गामाचा पुतण्या. ज्या गामाचं नाव कोल्हापुरातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं, त्याच्या घरातला मल्ल. इनोकीने त्याचा हात तसाच मागे पिरगाळला, आणि एलिओप्रमाणेच अक्रमनेही हार मानली नाही. त्याचाही हात गेला.

इनोकीकडे तो पेच वेगळ्या वाटेने आला होता. इंग्लंडमधल्या विगन या कोळसाखाणींच्या गावात बिली रायली नावाच्या वस्तादाची तालीम होती. पत्र्याचं छप्पर आणि खाणकामगारांची पोरं, असा सगळा कारभार. तिथली कॅच कुस्ती म्हणजे चितपटीबरोबर हातपाय पिरगाळून हार मानायला लावणारी कुस्ती. कार्ल गॉच याच तालमीत तयार झाला आणि पुढे जपानमध्ये त्याने इनोकीच्या पिढीला घडवलं. जपानी प्रोरेसलिंगच्या तालमींत पोरांकडून हजारांच्या घरात बैठका काढून घेतात आणि त्यांना ‘हिंदू स्क्वॉट’ म्हणतात. ती शिस्त रुजवण्यात गॉचचा वाटा मोठा. विगनचाच दुसरा मल्ल बिली रॉबिन्सन. १९७५ मध्ये तो इनोकीशी पूर्ण साठ मिनिटं लढून बरोबरीत सुटला होता. साकुराबाच्या गोष्टीत हा रॉबिन्सन पुन्हा येतो.

१९९३ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत डेन्व्हरला यूएफसी ही मिश्र लढतींची पहिली स्पर्धा झाली. ती रॉयस ग्रेसीने जिंकली आणि जपानमधल्या प्रोरेसलिंगवाल्यांची झोप उडाली. सर्वांत जास्त ‘यूडब्ल्यूएफ इंटरनॅशनल’ या कंपनीची, कारण आपली कुस्ती हीच खरी, असं ती छातीठोकपणे सांगायची. तिचा मुख्य मल्ल नोबुहिको ताकादा. १९९४ च्या डिसेंबरमध्ये त्याचा सहकारी योजी आंजो थेट लॉस एंजेलिसला रॉयसचा भाऊ रिक्सन ग्रेसी याच्या तालमीत आव्हान द्यायला गेला आणि रक्ताळलेल्या तोंडाने बाहेर आला. त्याची भरपाई ताकादाने करायची होती. ११ ऑक्टोबर १९९७ रोजी, खास या लढतीसाठी उभ्या केलेल्या ‘प्राइड’ या स्पर्धेत, रिक्सनने ताकादाला पाच मिनिटांच्या आत हार मानायला लावली. बरोबर एका वर्षाने पुन्हा तेच झालं.

ही सगळी देणी साकुराबाच्या नावावर चढली तेव्हा त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं. १४ जुलै १९६९ चा जन्म, गाव उत्तर जपानमधल्या आकिता प्रांतात. लहानपणी टायगर मास्क या मुखवटेवाल्या मल्लावर जीव, शाळेत आणि मग चुओ विद्यापीठात ऑलिंपिक पद्धतीची कुस्ती, आणि नंतर ताकादाच्या कंपनीत सर्वांत खालच्या पायरीवर. तिथे लाथा मारायला शिकला आणि बिली रॉबिन्सनसारख्या वस्तादाच्या हाताखाली पेच घोटले. ठरलेल्या लढतीत हरायचं काम नव्या पोरांचं असतं. ते त्याने मुकाट केलं. पण त्याच कंपनीत सरावाच्या वेळी कुणी कुणाला सोडत नसे, आणि ती तालीम बाहेरच्या जगाला दिसत नव्हती.

ती दिसली २१ डिसेंबर १९९७ रोजी, योकोहामातल्या यूएफसीमध्ये. साकुराबा तिथे एका जखमी सहकाऱ्याच्या जागी आला होता. समोर कार्लसन ग्रेसीच्या तालमीतला शंभर किलोंच्या वरचा मार्कुस सिल्वेरा. ठोशांचा मारा सुरू असताना साकुराबा पट काढायला खाली झुकला. पंचाला वाटलं तो कोसळला, आणि लढत थांबवली गेली. साकुराबा रिंगमधून हलेना. चित्रफीत पाहून निकाल रद्द झाला, दुसरा एक खेळाडू हाताच्या दुखापतीने बाहेर पडला, आणि त्याच रात्री दोघं पुन्हा समोरासमोर आले. या वेळी साकुराबाने हाताचा पेच लावून सिल्वेराला हार मानायला लावली. मग माइकवर म्हणाला की प्रोरेसलर खरं तर ताकदवान असतात. ताकादाच्या पराभवाला तेव्हा अडीच महिनेही झाले नव्हते.

पुढच्या दोन वर्षांत प्राइडमध्ये त्याने कार्लोस न्यूटन, विटोर बेलफोर्ट यांना हरवलं. २१ नोव्हेंबर १९९९ रोजी रॉयसचाच भाऊ रॉयलर ग्रेसी याची पाळी आली. रॉयलर वजनाने बराच हलका होता, ही गोष्ट या विजयाबद्दल बोलताना सांगायलाच हवी. साकुराबाने किमुराचाच पेच भरला. रॉयलरने हार मानली नाही, पंचाने लढत थांबवली. ग्रेसी चिडले, आणि त्यांची तक्रार पोकळ नव्हती. साकुराबाने तिथेच माइक घेऊन रिक्सनला आव्हान दिलं.

रिक्सन आला नाही. रॉयस आला, आणि स्वतःच्या अटी घेऊन आला. फेऱ्यांना मर्यादा नाही, पंचाने लढत थांबवायची नाही. एकाने हार मानावी किंवा त्याच्या कोपऱ्यातून टॉवेल यावा. १९५१ ची आठवण ठेवणाऱ्या घराण्याच्या या अटी होत्या. साकुराबाने त्या मान्य केल्या आणि लढतीच्या दिवशी तीन माणसं एकसारखे मुखवटे घालून रिंगकडे आली. त्यातला साकुराबा कोणता, ते कुणालाच कळेना. हा पोरखेळ वाटेल, पण मला त्यात त्याचं धैर्य दिसतं. नुरा कुस्तीतून आलास, या हेटाळणीचं उत्तर द्यायला आलेला माणूस त्या कुस्तीचा सगळा साज अंगावर घेऊन आला. काहीही लपवलं नाही.

रॉयस ज्युदोचा जाड अंगरखा घालून होता. अंगरख्याने पकड मिळते, पण ती दोघांनाही मिळते. साकुराबाने तोच अंगरखा धरून त्याला जखडला, त्याच्या कमरेच्या नाडीला हात घातला, प्रोरेसलिंगमधल्या दोन्ही हातांच्या चापट्या मारल्या. प्रेक्षक हसत होते आणि त्याच वेळी त्याच्या लाथा रॉयसच्या मांडीवर बसत होत्या. पहिल्या फेरीच्या शेवटाला त्याने गुडघ्याचा पेच जवळपास लावलाच होता. घंटेने रॉयस वाचला. त्यानंतर काम सावकाश झालं. रॉयस जमिनीवर ओढू पाहायचा, साकुराबा वर उभा राहून पायांवर मारायचा. शेवटी ते पायच उरले नाहीत. रॉयस स्वतः हरलो म्हणाला नाही. टॉवेल घरच्यांनी टाकला; माराकानातही लढत घरच्यांनीच थांबवली होती.

रॉयसशी झालेली लढत प्राइडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेतली होती, त्यामुळे त्याच रात्री, स्पर्धेच्या नियमाप्रमाणे, साकुराबाला पुढची लढत लढायची होती. समोर इगोर वोव्हचॅन्चिन, तेव्हाच्या सर्वांत भीतीदायक ठोसेबाजांपैकी एक, आणि वजनाने खूप जड. पंधरा मिनिटं साकुराबा टिकला. पंचांनी बरोबरी देऊन आणखी एक फेरी सांगितली, तेव्हा त्याच्या कोपऱ्याने टॉवेल टाकला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रेन्झो ग्रेसीचा हात त्याने त्याच जुन्या पेचात निखळवला. रेन्झोनेही थाप मारली नाही आणि मग मोठ्या मनाने त्याचं कौतुक केलं. डिसेंबरमध्ये रायन ग्रेसी हरला. वर्षभराहून थोड्या जास्त काळात चार ग्रेसी.

इथवरची गोष्ट सगळे आनंदाने सांगतात. पुढची सांगताना मला राग येतो. प्राइडमध्ये सुरुवातीला वजनगट नव्हते, आणि साकुराबा हा तिकिटं विकणारा माणूस होता. मार्च २००१ मध्ये वॉन्डरले सिल्वाने त्याला दोन मिनिटांच्या आत गुडघ्यांनी आणि लाथांनी संपवलं. नोव्हेंबरमध्ये पुन्हा तोच प्रतिस्पर्धी, २००३ मध्ये पुन्हा. मधल्या काळात क्रो कॉप, म्हणजे शंभर किलोंचा किकबॉक्सर. डोळ्याभोवतीचं हाड मोडलं. २००६ मध्ये स्मिर्नोव्हासविरुद्ध तो जवळजवळ बेशुद्ध झाला होता, लढत थांबवायला हवी होती, ती थांबली नाही आणि त्याने उलट जिंकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मते त्या रात्री पंचांचा हलगर्जीपणा त्याच्या जिद्दीखाली झाकला गेला. त्याच वर्षअखेरीस अकियामा अंगाला मलम चोळून आला. साकुराबा घसरतंय म्हणून ओरडत राहिला, कुणी ऐकलं नाही, निकाल नंतर रद्द झाला. २०१० च्या शेवटच्या दिवशी लढताना त्याचा कान फाटला.

जून २००७ मध्ये लॉस एंजेलिसला रॉयसने त्याला गुणांवर हरवलं आणि मग रॉयसच्या चाचणीत स्टेरॉइड सापडलं. रिक्सनशी लढत कधीच झाली नाही; मे २००० मध्ये, रॉयस हरला त्याच महिन्यात, रिक्सन टोकियोत आपली शेवटची लढत लढला, ती मासाकात्सु फुनाकीशी.

साकुराबाची शेवटची लढत डिसेंबर २०१५ मध्ये शिन्या आओकीविरुद्ध झाली आणि त्याच्या कोपऱ्याने टॉवेल टाकला. हिशेब २६ विजय, १७ पराभव. पराभवांपैकी बहुतेक २००० नंतरचे. २०१७ मध्ये यूएफसीने त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. पुढच्या वर्षी त्याने ‘क्विंटेट’ ही स्वतःची स्पर्धा सुरू केली. पाच जणांचे संघ, फक्त पेच, ठोसे-लाथा बंद. संघाच्या एकूण वजनाला मर्यादा, आणि समोरच्या दोघांच्या वजनात फार फरक असेल तर लढतीचा वेळ कमी.