रिपोर्टवरची ‘नॉर्मल’ची रेघ : पुरुष वंध्यत्वाची पार्श्वभूमी

‘वांझ’ हा शब्द आपण बाईसाठी राखून ठेवला. पुरुषाच्या वाट्याला ‘नपुंसक’ आला आणि तो साफ चुकीचा आहे. शरीरसंबंध न जमणे वेगळे, वीर्यात शुक्राणू कमी असणे वेगळे. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यालाही हा फरक कळतो. नपुंसकत्वामुळे संबंधच आला नसेल तर विवाह रद्द करून मागता येतो, नुसते मूल होत नाही म्हणून नाही. घरात मात्र दोन्हींची गल्लत होते, आणि सुनेच्या सगळ्या तपासण्या होऊन गेल्यावर शेवटी मुलाची साधी वीर्यतपासणी होते.

शुक्राणू पहिल्यांदा दिसले १६७७ मध्ये, एका डच कापडव्यापाऱ्याला, त्याने स्वतः घासलेल्या भिंगाखाली. ते मोजून त्यावरून निदान करायची पद्धत रुळायला विसावे शतक उजाडले. इथून पुढची गोष्ट म्हणजे एका आकड्याची ओढाताण.

१९२९ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाने वीर्याच्या मिलिलिटरमागे किमान सहा कोटी शुक्राणूंची मर्यादा सुचवली. १९५१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक हजार होऊ घातलेले बाप आणि मूल न होणाऱ्या जोडप्यांतले एक हजार पुरुष समोरासमोर ठेवले गेले. दोन कोटींखाली काउंट असलेले पहिल्या गटात सुमारे ५ टक्के निघाले, दुसऱ्यात सुमारे १६ टक्के. ‘दोन कोटी’ इथून आले आणि पुढची पन्नासेक वर्षे जगभरच्या रिपोर्टांवर छापले गेले. पण त्याच आकडेवारीची दुसरी बाजू पाहा : मूल न होणाऱ्या गटातले चौऱ्याऐंशी टक्के पुरुष या रेघेच्या वरच होते!

२०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वीर्यतपासणीच्या पुस्तिकेत रेघ दीड कोटीवर आली. जोडीदाराला वर्षभरात दिवस गेले अशाच पुरुषांचे नमुने या वेळी घेतले आणि त्यांतल्या तळाच्या पाच टक्क्यांच्या वर रेघ ओढली. म्हणजे शंभर बापांतले पाच व्याख्येनेच ‘नॉर्मलखाली’. मूल न झालेला एकही पुरुष या हिशेबात नव्हता, भारतातलाही नव्हता. शुक्राणूंच्या आकाराचे तर विचारूच नका. ‘योग्य घडणीचे’ किती हवेत, तर १९८७ मध्ये ५० टक्के, १९९२ मध्ये ३०, २०१० मध्ये ४. पुरुष बदलले नव्हते, मोजणाऱ्यांचे निकष कडक झाले होते. त्याच पुस्तिकेच्या २०२१च्या आवृत्तीत काउंटची रेघ १ कोटी ६० लाखांवर सरकली आणि हा आकडा म्हणजे सुपीक-वंध्य यांच्यातली भिंत नव्हे, असेही त्यात स्पष्ट म्हटले गेले. लॅबचा छापील कागद हे वाक्य सांगत नाही. १ कोटी ४० लाखांचा रिपोर्ट हातात घेऊन माणूस घरी येतो तो खचूनच.

आकड्यामागच्या कारणांत सगळ्यात जास्त सापडते ते व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोषाच्या फुगलेल्या शिरा. एकूण पुरुषांत सुमारे १५ टक्क्यांना, मूल न होणाऱ्यांत पस्तीस-चाळीस टक्क्यांना. १९५०च्या दशकात एडिंबरोत काउंट शून्य असलेल्या एका पुरुषाचे शुक्राणू या शिरांच्या शस्त्रक्रियेनंतर परत आले आणि ऑपरेशनांची लाट उसळली. तिचा उपयोग किती, यावर आजही एकमत नाही. हाताला लागणाऱ्या शिरा आणि बिघडलेला रिपोर्ट, दोन्ही असतील तरच करा, इतपत सहमती दिसते.

वयात आल्यावर झालेले गालगुंड अंडकोषात उतरू शकतात. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस आहे, गालगुंडांची नाही. क्षयरोग नळ्या बुजवतो. अलीकडची भर जिमची : बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचले की मेंदूकडून वृषणाला जाणारा हुकूम थांबतो. दंड फुगतात, काउंट शून्यावरही येऊ शकतो. बंद केल्यावर तो बहुधा परततो, पण महिने जातात.

कीटकनाशकाचा धडा १९७७चा. कॅलिफोर्नियातल्या कारखान्यात डीबीसीपी बनवणाऱ्या कामगारांनीच आपापसांत बोलताना ओळखले की आपल्यात कुणालाच मुले होत नाहीत. डॉक्टर नंतर आले.

दुर्मीळ कारणे बहुतेक जनुकांतली. १९४२ मध्ये लहान वृषणांचा एक लक्षणसमूह नोंदवला गेला. त्यामागे एक जादा एक्स गुणसूत्र आहे हे १९५९ मध्ये कळले. काहींच्या शुक्रवाहिन्या जन्मतःच नसतात. काहींना वासच येत नाही आणि वयात येणेही होत नाही. त्यांना मात्र हार्मोनच्या इंजेक्शनांनी मूल होऊ शकते. इतके शोधूनही तीसेक टक्के पुरुषांत कारण सापडत नाही.

१९९२ मध्ये ब्रसेल्समधून इक्सी आली. एकच शुक्राणू सुईने बीजांडात सोडायचा. वृषणातून काढलेला एखादाही पुरतो म्हटल्यावर कारण शोधायची घाई कुणाला राहणार? पण शुक्राणू नसलेल्या काही पुरुषांत वाय गुणसूत्राचा तुकडा गळालेला असतो हे १९७६ पासून माहीत होते, आणि अशा पुरुषाला इक्सीने मुलगा झाला तर तोच तुटका वाय मुलाकडे जातो. म्हणून काउंट शून्य किंवा फारच कमी असेल तर सुईआधी ही रक्ततपासणी करायला सांगतात. काही जोडपी निकाल पाहून मुलीची इच्छा बोलून दाखवतात. पण आपल्याकडे गर्भाचे लिंग निवडायला कायद्याने बंदी आहे.